काकांचा गुत्ता

लंडनच्या व्हॉक्सहॉल स्टेशनातून बाहेर पडून रेल्वेच्या कमानीखालून पलीकडे गेलं, की केनिंग्टन लेनच्या कोपऱ्यावर एक इमारत एकटीच उभी दिसते. दर्शनी भाग अर्धगोल, रस्त्याच्या वळणाबरोबर वळलेला. भिंतीला भिंत लावून घर नाही की दुकान नाही. मागे बाग, पुढे बसगाड्यांची रहदारी. एके काळी तिला लागून घरांच्या रांगा होत्या. पुनर्विकासात त्या पाडल्या गेल्या, ही तेवढी राहिली. ही रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न. आमचे काका तिला गेली पन्नास वर्षं 'गुत्ता' म्हणतात. गिरगावातून आलेल्या माणसाच्या तोंडी त्या शब्दात जेवढी माया मावू शकते, तेवढी सगळी त्यात आहे.

काका माझे नात्याने कोणी नाहीत. इथल्या एका गणपतीत माझ्या पिशवीच्या पट्ट्यावरचा इंद्रधनुषी बिल्ला त्यांनी पाहिला, प्रसादाची वाटी हातात देता देता हळूच विचारलं, "तू पण आपल्यातली का गं?" आणि मी हो म्हटल्यावर ती वाटी परत घेऊन तिच्यात आणखी दोन मोदक घातले. तेव्हापासून ते काका. मी सांगलीची. माझ्या माहेरी आजोबा-पणजोबांच्या गोष्टी सांगणारी माणसं पुष्कळ होती, पण माझ्यासारख्या बाईच्या आधी कोण होतं, कसं जगलं, हे सांगणारं घरात कोणी असणं शक्यच नव्हतं. ही परंपरा पोटच्या मुलांकडे जात नाही. ती अशी कुणीतरी ओळखून, बाजूला घेऊन द्यावी लागते. आणि देणाऱ्यांची एक अख्खी पिढी ऐंशीच्या दशकात एड्सने नेली. म्हणून काकांसारखी माणसं थोडी आहेत, आणि म्हणून मी त्यांच्यामागे वही घेऊन लागले आहे.

टॅव्हर्नची जागा मुळातच चैनीची. इथं सतराव्या शतकापासून व्हॉक्सहॉलची बाग होती. तिकीट काढून आत यायचं, दिव्यांच्या रोषणाईत फिरायचं, गाणं ऐकायचं, मुखवटे घालून नाचायचं. १७४९ साली हँडेलच्या शोभेच्या दारूकामाच्या संगीताची रंगीत तालीम इथं झाली, तेव्हा बारा हजार लोक लोटल्याची नोंद आहे. उमराव आणि नोकरचाकर एकाच वाटेवरून चालत, आणि मुखवट्याआड कोण पुरुष, कोण बाई, हे कळायला मार्ग नसे. बाग १८५९ मध्ये बंद पडली. तिच्या जमिनीवर १८६० ते १८६२ या काळात ही टॅव्हर्न बांधली गेली. आतले लोखंडी खांब त्या बागेतलेच आहेत असं जुने लोक सांगतात. काका तर छातीठोकपणे सांगतात, आणि सांगताना त्या खांबावर हात ठेवतात.

या सनावळीपाशी मी नेहमी थबकते. टॅव्हर्नच्या भिंती वर चढत होत्या, त्याच काळात, १८६१ च्या कायद्याने इंग्लंडने समलिंगी संबंधांची फाशी रद्द करून त्याऐवजी जन्मठेपेपर्यंतची सक्तमजुरी ठेवली. आणि १८६० साली मंजूर झालेलं, मेकॉलेच्या मसुद्यावरून आलेलं भारतीय दंडविधान, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या त्यातल्या कलम ३७७ सकट, १ जानेवारी १८६२ रोजी हिंदुस्थानात लागू झालं. एक इमारत आणि दोन देशांचे कायदे एकाच दोन-तीन वर्षांतले. काकांच्या वाट्याला तिन्ही आले.

काका १९७३ साली बाविसाव्या वर्षी लंडनला आले. पुढच्या वर्षी कॉव्हेंट गार्डनचा घाऊक फळबाजार मध्य लंडनमधून हलून इथं नाइन एल्म्सला आला आणि काका त्यातल्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून लागले. बाजार मध्यरात्री जागा व्हायचा आणि सकाळी मिटायचा. रविवारी बंद, म्हणून शनिवारची रात्र तेवढी मोकळी. मे महिन्यात हापूसच्या पेट्या यायच्या. पेटी उघडली की गवताचा वास यायचा आणि मग काम सुचायचं नाही, असं ते सांगतात. त्यांना टॅव्हर्नचा पत्ता दिला तो बाजारातल्याच एका हमालाने, दोनशे किलो बटाटे ढकलता ढकलता, मान वर न करता. "शनिवारी ये, कोपऱ्यावर," एवढंच तो म्हणाला. त्याने कसं ओळखलं, हे काकांना आजही सांगता येत नाही.

तोवर कायदा बदलला होता. १९६७ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये एकवीस वर्षांवरच्या दोन पुरुषांचे संबंध गुन्ह्यातून वगळले होते. पण दोघांनीच, बंद दाराआड. तिसरा माणूस घरात असला तरी ते 'खासगी' धरलं जात नसे, मग पबची काय कथा. म्हणजे टॅव्हर्नमध्ये कुणाचा हात हातात घेतला, कुणाचं चुंबन घेतलं, तर पोलिसांना पकडायला मुभा होती आणि पब चालवणाऱ्याचा परवाना धोक्यात होता. काका म्हणतात, "अगं, कायद्याने आम्हाला घरात परवानगी दिली. पण घर कुणाकडे होतं? मी एका खोलीत तिघांबरोबर राहत होतो. भेटायला हीच जागा."

आणि इथं काय चालायचं? तर बायकी वेशातल्या पुरुषांचं गाणं-बजावणं, ज्याला ड्रॅग म्हणतात ते. दुसऱ्या महायुद्धात पलटणींच्या करमणुकीसाठी सैनिकच बाईचा वेश घेऊन नाटकं करायचे. युद्धानंतर त्या परंपरेतली माणसं दक्षिण लंडनच्या पबांत आली आणि या टॅव्हर्नमध्ये रुजली. बालगंधर्वांचं नाव ऐकत वाढलेल्या काकांना पुरुषाने शालू नेसून गाणं म्हणणं यात वेगळं वाटायचं कारण नव्हतं. वेगळं वाटलं ते प्रेक्षकांचं. इथे समोर बसलेले पुरुष एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून ऐकत होते.

तेव्हा टॅव्हर्नमध्ये रंगमंच नव्हता. दारू देण्याचा जो लांब, वळणदार लाकडी काउंटर होता, तोच रंगमंच. गाणारी 'बाई' उंच टाचांचे बूट घालून काउंटरवर चढायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गायची. ती जवळ आली की लोकांनी आपापला ग्लास उचलायचा, पुढे गेली की परत ठेवायचा. काका उभं राहून हे करून दाखवतात. डाव्या हाताने ग्लास छातीशी, उजव्या हाताने समोरच्या बुटाला वाट. एकदा एका गायिकेची टाच काउंटरच्या फटीत अडकली. तिने गाणं न थांबवता पाय बुटातून काढला, काकांकडे बोट दाखवलं, आणि काकांनी दोन्ही हातांनी तो बूट ओढून काढून तिच्या पायात परत घातला. मराठी मध्यमवर्गीय घरातल्या, आईला दर आठवड्याला निळ्या हवाई पत्रावर 'सर्व क्षेम' लिहिणाऱ्या त्या मुलाला सगळ्या खोलीने टाळ्या दिल्या. आईच्या पत्रांतून तेव्हा स्थळं येत होती. काका म्हणतात, त्या रात्रीनंतर मी नाही म्हणायला शिकलो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नव्या चालकाने तो काउंटर काढून टाकला आणि रीतसर रंगमंच बांधला. कलावंतांची सोय झाली असणार. काकांना ते अजून मान्य नाही.

या कथेतल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या बाई माझ्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. जन्माने लंडनच्या, पेशाने परिचारिका, आता ऐंशीच्या पुढे. मी त्यांना मनात आजी म्हणते. तरुणपणी त्यांची जागा नदीपलीकडे चेल्सीमधला गेटवेज क्लब ही होती. हिरवं दार, खाली उतरत जाणारा जिना, आत फक्त बायका. गेटवेज १९८५ मध्ये बंद झाला आणि आजी त्यांच्या मैत्रिणीबरोबर टॅव्हर्नमध्ये यायला लागल्या. पुरुषांच्या गर्दीत बायका मोजक्याच असायच्या. कडेला, खिडकीजवळ. "आम्हाला तिथं कोणी हाकललं नाही, आणि पहिली दोन वर्षं कोणी विचारलंही नाही," असं त्या सांगतात. नंतर विचारावं लागलं, कारण त्या परिचारिका होत्या.

१९८२ च्या जुलैमध्ये टेरेन्स हिगिन्स हा सदतीस वर्षांचा तरुण व्हॉक्सहॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या सेंट थॉमस रुग्णालयात वारला. दिवसा तो संसदेत भाषणांची नोंद करायचा, रात्री हेवन या क्लबमध्ये काम करायचा. एड्सने गेलेल्या ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या माणसांपैकी तो एक. त्याचा जोडीदार आणि मित्रांनी त्याच्या नावाने संस्था काढली, ती आजही काम करते. पण त्या वर्षांत औषध नव्हतं आणि भीती पुष्कळ होती. आजी ज्या रुग्णालयात होत्या, तिथं जेवणाचं ताट खोलीच्या दाराबाहेर जमिनीवर ठेवून लोक निघून जायचे. आजी ताट आत न्यायच्या, पलंगाच्या कडेवर बसायच्या आणि भरवायच्या. मग शनिवारी टॅव्हर्नमध्ये तेच चेहरे भेटायचे, किंवा भेटायचे नाहीत. एखादा सलग तीन शनिवार दिसला नाही, की कुणीतरी येऊन आजींना विचारायचं. उत्तर सांगायला त्या त्याला बाहेर फुटपाथवर न्यायच्या. आत गाणं चालू असायचं. मध्यंतरात देणगीची बादली फिरायची आणि बाजारातले हमाल आठवड्याचा पगार मोडून तिच्यात नोटा टाकायचे. टॅव्हर्नचा इतिहास लिहिणारे गाणाऱ्यांची नावं लिहितात आणि ते रास्तच आहे. मला त्या फुटपाथबद्दलही कुणीतरी लिहावंसं वाटतं.

याच काळात रंगमंचावर लिली सॅव्हेज होती. सोनेरी केसांचा भला मोठा टोप, बर्कनहेडच्या गल्लीतली धारदार जीभ. तिच्या वेशात पॉल ओ'ग्रेडी हा तरुण. पूर्वी त्याने समाजसेवेच्या खात्यात आजारी आणि अडचणीतल्या कुटुंबांच्या घरी जाऊन काम केलेलं. आठ वर्षं तो इथं गात-बोलत राहिला आणि पुढे सगळ्या देशाच्या दूरचित्रवाणीवर पोहोचला.

१९८७ च्या जानेवारीतल्या एका रात्री त्याचा उशिराचा खेळ चालू असताना पोलीस घुसले. काही क्षणांत खोली गणवेशांनी भरली. प्रत्येकाच्या हातात रबरी हातमोजे. या माणसांना स्पर्श केला तर आजार होईल, या भीतीने घातलेले. लिली सॅव्हेज रंगमंचावरून म्हणाली, आलं बाई कुणीतरी भांडी घासायला. लोक हसले, मग हसणं विरलं. काही जणांना पकडून नेलं. काका खांबाला टेकून उभे होते. "हात वर करा असं कुणी म्हटलं नव्हतं," ते सांगतात, "तरी आमचे हात आपोआप छातीशी आले. त्यातल्या एकाने मला बाजूला सारलं. मोज्याचा तो चर्रकन् आवाज माझ्या कोटावर झाला. मी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो गं." एवढं बोलून ते पाणी प्यायला उठतात. दर वेळी इथंच उठतात.

त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते. एप्रिल १९८७ मध्ये राजकन्या डायना मिडलसेक्स रुग्णालयात एड्सच्या रुग्णांसाठीच्या नव्या कक्षाचं उद्घाटन करायला गेली आणि हातमोजे न घालता एका रुग्णाशी हस्तांदोलन केलं. ते छायाचित्र जगभर गेलं. आजींनी ते वर्तमानपत्रातून कापून परिचारिकांच्या खोलीत लावलं होतं.

डायनाची आणखी एक गोष्ट या टॅव्हर्नला चिकटलेली आहे. १९८८ साली म्हणे गायक फ्रेडी मर्क्युरी, विनोदी नट केनी एव्हरेट आणि अभिनेत्री क्लिओ रोकोस यांनी तिला पुरुषी जाकीट, टोपी आणि काळा चष्मा चढवून इथं आणलं. सगळ्यांच्या नजरा फ्रेडीवर खिळल्या, तिला कुणी ओळखलं नाही, तिने आपलं पेय मागवलं आणि थोड्या वेळाने ते सगळे निघून गेले. रोकोस यांनी २०१३ मध्ये आपल्या आठवणींत हे लिहिलं. काका त्या रात्री तिथं नव्हते आणि असल्याचा दावाही करत नाहीत. त्यांना रस फ्रेडीमध्ये. पाचगणीच्या शाळेत शिकलेला पारशी मुलगा, फारुख बलसारा. "आपल्या पाचगणीचा" असंच ते म्हणतात. फ्रेडी १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये गेला तेव्हा त्यांनी बाजारातून सुट्टी घेतली, आणि व्यापाऱ्याला कारण सांगितलं, गावाकडचा माणूस वारला. मला डायनाची गोष्ट खरी असावीशी वाटते. पुरावा एका पुस्तकाचाच आहे, पण ज्या जागेत राजकन्या वीस मिनिटं कुणीच नसल्यासारखी उभी राहू शकेल अशी जागा लंडनमध्ये तेव्हा दुसरी कुठली असणार?

मे १९८८ मध्ये कलम २८ आलं. नगरपालिका आणि शाळांनी समलैंगिकतेचा 'प्रसार' करू नये, असं त्यात होतं. नव्वदच्या दशकात मात्र व्हॉक्सहॉल बहरलं. रेल्वेच्या कमानींत क्लब निघाले, रात्री रविवारच्या दुपारपर्यंत लांबल्या. १९९५ मध्ये टॅव्हर्नच्या शनिवारी 'डकी' सुरू झालं, एमी लामे या सूत्रधार. ड्रॅगबरोबर कविता, विचित्र नाट्यप्रयोग, मोडकंतोडकं रॉक. त्याच वर्षी उत्तर लंडनमध्ये टफनेल पार्कला 'क्लब काली' निघाला, तिथं हिंदी सिनेमाची गाणी आणि भांगडा. काका दोन्हीकडे जायचे. कालीमध्ये त्यांनी पहिल्यांदा साडी नेसलेल्या मुलांना मोकळेपणी नाचताना पाहिलं आणि गिरगावच्या चाळीतल्या एका जुन्या सोबत्याला त्या रात्री चार पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

मग जमिनीचे भाव आले. नाइन एल्म्समध्ये काचेचे मनोरे उभे राहिले, अमेरिकेची वकिलात आली, आणि क्लब एकेक करून मिटत गेले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासकांनी मोजलं, तर २००६ मध्ये शहरात अशी १२५ ठिकाणं होती, २०१७ मध्ये ५३ उरली. २०१४ साली टॅव्हर्न एका ऑस्ट्रियन बांधकाम कंपनीने विकत घेतल्याचं कळलं तेव्हा नेहमीची गिऱ्हाइकं हादरली. ती सभा, अर्ज, सह्या यांच्या मागे लागली. सर इयन मॅकेलनसारख्या नटांनी पाठिंबा दिला. काकांनीही पत्र लिहिलं, त्यात त्या हमालाचा, बुटाचा आणि खांबाचा उल्लेख केला. सप्टेंबर २०१५ मध्ये इमारतीला दुसऱ्या श्रेणीचा संरक्षित वारसा म्हणून दर्जा मिळाला. समलिंगी समाजाच्या इतिहासासाठी असा दर्जा मिळालेली ही ब्रिटनमधली पहिली वास्तू. आता तिला सहजासहजी पाडता येणार नाही. ही मोठी गोष्ट आहे, आणि ती कुणी वरून दिलेली नाही. ग्लास धरणाऱ्या हातांनी अर्ज लिहून ती मिळवली.

मला अशा वेळी मुंबई आठवते. कुलाब्यात आर्थर बंदर रोडवर 'वूडू' नावाचा पब होता. शनिवारी रात्री तो आपल्या माणसांचा असायचा, ३७७ पूर्ण जिवंत असताना. माझे मुंबईचे मित्र त्याबद्दल आजही आवाज बदलून बोलतात. त्या शनिवारांना सरकारदरबारी नोंद नाही. जे आहे ते पन्नाशी-साठीतल्या माणसांच्या डोक्यात आहे. मुंबईच्या कुणीतरी, आत्ताच, त्यांच्यासमोर बसावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा ३७७ बद्दलचा निकाल लागला, तेव्हा काकांचा मला फोन आला होता. ते काही बोलू शकत नव्हते. मीच बोलत राहिले.

पॉल ओ'ग्रेडी २८ मार्च २०२३ रोजी गेला. जूनमध्ये लंडनच्या पोलीस आयुक्तांनी समलिंगी समाजाला पूर्वी दिलेल्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. ती बातमी मी काकांना वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली आणि म्हणाले, "पत्र पोस्टाने पाठवायला हवं होतं. ज्यांना ज्यांना लागलं त्यांच्या पत्त्यावर."

लिव्हरपूल स्ट्रीटजवळच्या बिशप्सगेट संस्थेत समलिंगी समाजाचं मोठं दफ्तर आहे. काकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तिथं द्यायचं आम्ही ठरवलं आहे. काकांच्या दोन अटी आहेत. एक, बोलणार मराठीत, तर्जुमा मी करायचा. दोन, सुरुवात गेलेल्यांच्या नावांनी, आणि त्यात ज्यांच्या घरच्यांनी अंत्यविधीला मित्रांना येऊ दिलं नाही, त्यांची नावं आधी. पहिली बैठक त्या नावांतच संपली.

पुढच्या बैठकीला आजी येणार आहेत. त्याही पोलीस आले त्या रात्री टॅव्हर्नमध्ये होत्या, खिडकीच्या बाजूला, आणि काका म्हणतात मी तुम्हाला कधी पाहिल्याचं आठवत नाही. आजी म्हणतात आधी दिवे लागले आणि मग गाणं थांबलं. काका म्हणतात आधी गाणं थांबलं. दोघंही ठाम आहेत. मी यंत्र सुरू करून मधे बसणार आहे.